चुकीच्या दारचा विमा

परस्पर व्यापारी वर्तुळाच्या नियमावलीत सत्तावीस नियम होते. उशीर झाला तर काय, मोबाइल वाजला तर काय, दुसऱ्याच्या मिनिटात तोंड घातलं तर काय, सगळं त्यात होतं. सदस्य वारला तर काय, एवढंच कुणाला सुचलं नव्हतं. त्यामुळे बाबा गेल्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी लेक त्यांचा बिल्ला परत करायला गेली, तेव्हा अध्यक्षांची पंचाईत झाली. त्यांनी चष्मा लावला, नियमावली पुढून मागे आणि मागून पुढे चाळली, आणि शेवटी अकराव्या नियमावर बोट ठेवलं.

"काका येऊ शकत नाहीत, बरोबर?"

"नाही येऊ शकत," ती म्हणाली.

"मग सोपं आहे, ताई. सदस्य येऊ शकत नसेल तर त्याने बदली माणूस पाठवावा, हजेरी पूर्ण धरली जाईल. तुम्ही बदली. बसा."

ती बसली. बसायला आली नव्हती, पण खुर्ची बाबांची होती, खिडकीजवळची, आणि पाय आपसूक तिकडे वळले. मग हजेरी सुरू झाली. वर्तुळात हजेरी धंद्याच्या नावाने घेत. पडदे, हजर. छपाई, हजर. दात, हजर. "विमाकाका," अध्यक्षांनी पुकारलं, आणि तीस माणसांनी खिडकीकडे पाहिलं.

"हजर," ती म्हणाली. "बदली."

घरी आता बाबांचं नाव कुणी मोठ्याने घेत नव्हतं. इथे दर मंगळवारी सकाळी सात वाजता ते खणखणीत आवाजात पुकारलं जाणार होतं. तिने बिल्ला पर्समधून काढलाच नाही. एक करता करता चौदा मंगळवार झाले.

वर्तुळ म्हणजे काय, हे तिला बाबांच्या बोलण्यातून ठाऊक होतं. पाहिलं मात्र आता. एका हॉटेलचा वरचा हॉल, पांढरे टेबलक्लॉथ, त्यांवर आदल्या दिवशीच्या लग्नाचे डाग. एका धंद्याला एकच खुर्ची. म्हणजे दातांचे डॉक्टर एकच, छापखानेवाले एकच आणि विम्याचा एजंटही एकच. प्रत्येकाने उठून एक मिनिट स्वतःची जाहिरात करायची आणि आपल्याला कसलं गिऱ्हाईक हवं ते सांगायचं. मिनिट संपलं की घंटा. घंटा दातांच्या डॉक्टरांकडे होती. समोरच्याचं तोंड उघडं असताना त्याला गप्प करायची त्यांना सवयच होती.

त्यानंतर चिठ्ठ्या. प्रत्येकाने दर आठवड्याला दुसऱ्या कुणासाठी तरी गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता लिहून आणायचा. ज्याच्याकडे चिठ्ठी नसेल त्याने चिठ्ठ्या वाटून होईपर्यंत उभं राहायचं, असा एकोणिसावा नियम. या नियमामुळेच वर्तुळाची भरभराट झाली, असं अध्यक्ष अभिमानाने सांगत. खरी गोष्ट अशी की पन्नाशीच्या माणसाला, गुडघे कुरकुरत असताना, चारचौघांत शिक्षा झालेल्या पोरासारखं उभं राहणं नको असतं. म्हणून दर सोमवारी संध्याकाळी शहरातल्या तीस घरांत तीस माणसं पेनाचं टोपण चावत बसत, आणि विमा नसलेले मेहुणे, दाढ ठणकणारे शेजारी, पडदे हवे असलेले जिवलग मित्र कागदावर जन्माला घालत.

आता बाबांचं विम्याचं काम पाहणाऱ्या लेकीला हे कळायला तीन चिठ्ठ्या लागल्या. पहिल्या पत्त्यावर पिठाची गिरणी निघाली. दुसऱ्या पत्त्यावर ज्यांचं नाव होतं त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांना आता विमा देणं कुठल्याच कंपनीला परवडलं नसतं. तिसऱ्या पत्त्यावर एका बाईने दार किलकिलं करून "इथे कुणी नाही त्या नावाचं" म्हटलं, तशी ती "सॉरी" म्हणून जिना उतरली. त्यानंतरच्या अकरा चिठ्ठ्या तिने पर्सच्या कप्प्यात कोंबल्या. कुठेही गेली नाही.

बाबा मात्र अकरा वर्षं जात होते. प्रत्येक चिठ्ठीच्या मागे, उन्हातान्हात, जुन्या स्कूटरवर. तीस माणसं आपल्या बापाला अकरा वर्षं रानोमाळ हिंडवत होती आणि तो हसतमुखाने हिंडत होता, हा विचार बाबांच्या जाण्याइतकाच तिला सोसेना.

पंधराव्या मंगळवारी वर्तुळाचं वर्ष संपत होतं. बदलीची मुदतही तेव्हाच संपत होती. एक तर तिने स्वतःच्या नावाने खुर्ची घ्यायची, नाही तर सोडायची. आणि खुर्ची सुटायची वाट पाहत दुसरा एक एजंट उभा होता. त्याला सगळे टाय म्हणत, कारण सकाळी सात वाजता, पाहुणा म्हणूनही, टाय बांधून येणारा शहरात तो एकटाच.

आदल्या शनिवारी टाय घरी आला. पायपुसण्यावर बूट तीनदा पुसले, आईला वाकून नमस्कार केला, चहाला नको-नको म्हणून दोन कप घेतले आणि मग टॅबलेट उघडला.

"ताई, घाई नाही हं अजिबात. मंगळवारपर्यंत विचार करा. पण आकडे पाहून घ्या. अकरा वर्षांत काकांना पाचशेच्या वर चिठ्ठ्या मिळाल्या. वर्तुळाच्याच नोंदी आहेत. त्यांतल्या चिठ्ठीवरच्या माणसाने पॉलिसी घेतली अशा किती? नऊ."

"नऊ?" कोपऱ्यातल्या खुर्चीतून मामाने विचारलं. मामा बाबा गेल्यापासून रोज येऊन बसत. मदत म्हणून येत, पण मदत कसली करायची हे न सुचल्याने सल्ले देत.

"नऊ," टाय हळहळला. "माफ करा, पण काकांना फसवलं हो यांनी."

"मग तुला कशाला हवी ती खुर्ची?" आईने विचारलं. आई शेंगा सोलत होती. मान वर केली नाही.

"मी चिठ्ठ्यांच्या मागे जाणारच नाही, काकू. चिठ्ठी घ्यायची, थँक्यू म्हणायचं आणि टाकून द्यायची. मी वर्तुळातल्या तीस जणांनाच विकणार. मासे तळ्यात असताना डोंगरावर गळ कशाला टाकायचा?"

तो गेल्यावर मामाने दाराकडे बोट केलं. "बोलला मात्र मुद्द्याचं. पोरी, दे सोडून. भाऊजी म्हणजे देवमाणूस, पण धंद्यात देवमाणसाला लोक देवळासारखंच वागवतात. बाहेर चपला काढतात आणि आत येऊन मागणंच मागतात."

"भोळे होते," लेक म्हणाली.

"भोळे कसले," आई म्हणाली. "हट्टी होते. अकरा वर्षं दर सोमवारी त्या शर्टाला इस्त्री केली मी. काय मिळालं? डॉक्टरांचं एक कॅलेंडर, त्यावर बाराही महिने दात. आणि कुठेही पाठवा, परत यायचे आणि फुशारकीने सांगायचे, 'आज पुन्हा चुकीच्या दारी गेलो.' चूक झाल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी नाही पाहिला." मग तिने बाबांची नक्कल केली, मान किंचित तिरकी, आवाज खालचा: "'चुकून आलो, पण आलोच आहे, तर घोटभर पाणी मिळेल का?' मी म्हणायचे, घरी पाण्याचा दुष्काळ आहे का हो तुमच्या?"

नक्कल हुबेहूब झाली. तिघंही हसली. आईने शेंगांचं ताट जवळ ओढलं.

वर्तुळाविषयी आईचं मत तसं बाबा गेले त्याच आठवड्यात पक्कं झालं होतं. सहा सदस्य भेटायला आले होते. ओळीने बसले, जमिनीकडे पाहत राहिले. शेवटी पडदेवाले अध्यक्ष उठले, आपलं नाव सांगितलं, धंदा सांगितला, शाखा किती ते सांगितलं, आणि मग विमाकाका किती मोठे होते ते सांगितलं. ते बसल्यावर छापखानेवाले उठले. नाव, धंदा, आणि डोळे पुसत विमाकाका. त्यांचं लांबत चाललं तशी दातांच्या डॉक्टरांनी, अगदी नकळत, चमचा कपावर वाजवला. टिंग. छापखानेवाले वाक्य अर्धं टाकून खाली बसले. आई पाहतच राहिली होती. जाताना चौघांनी टीपॉयवर आपापली कार्डंही ठेवली. सवय, दुसरं काय.

त्याच दिवसांत दुसरीही माणसं आली होती. ती दाराशीच उभी राहायची. शिवणकाम करणाऱ्या एक बाई, गळ्यात टेप तसाच. काठी टेकत आलेला एक वॉचमन. बस डेपोतला एक मेकॅनिक, हातांना ग्रीस. हात जोडायची आणि निघायची. शिवणवाल्या बाई तर आईचा हात धरून नुसत्या रडल्या. "ही कोण गं माणसं?" आईने नंतर विचारलं होतं. बाबांच्या पॉलिसींच्या वहीत नावं होती, म्हणजे त्यांची गिऱ्हाइकं होती, एवढंच लेक सांगू शकली. बाबांना ती कुठे भेटली, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर लेकीने कपाटावरून बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा काढला. बाबा चिठ्ठ्या त्यात ठेवत. टायचे नऊ खरेच नऊ आहेत का, एवढं पाहायचं आणि मंगळवारी खुर्ची सोडून यायचं, असं तिने ठरवलं होतं. अकरा वर्षांच्या फसवणुकीचा निदान नीट पंचनामा तरी व्हावा.

वरचीच चिठ्ठी छापखानेवाल्यांच्या हातची होती. *माझे साडू. मोठं कुटुंब, विमा अजिबात नाही.* खाली पत्ता. तिने सहज उलटी केली. मागे बाबांचं बारीक, सुबक अक्षर.

*छापखानेवाल्यांच्या पत्नीला बहीणच नाही. साडू कुठून येणार? पत्त्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई. पाणी दिलं. दोन मुली, नवरा नाही. फॉर्म भरला.*

"आई," तिने हाक मारली. "इकडे ये."

पडदेवाल्यांची चिठ्ठी: *नवा बंगला, मालक मोठी असामी.* मागे: *बंगला बांधलाच नाही अजून. रिकामा प्लॉट. वॉचमन आहे, गुडघा दुखतो म्हणाला. पाणी त्याच्याच बाटलीतलं. गुरुवारी पुन्हा जाणे.* आणि खाली वेगळ्या शाईत, दोन वर्षांनंतरच्या तारखेने: *अपघात. क्लेम मिळाला. काठीही घेतली नवी.*

दातांच्या डॉक्टरांच्या अक्षरात नाव लागतच नव्हतं, नुसता फोन नंबर. मागे: *नंबर बस डेपोतल्या मेकॅनिकचा. शिव्या घातल्या. चांगल्या घालतो. दुसऱ्या दिवशी स्वतःच फोन केला.*

आई चष्मा घेऊन आली आणि खाली सतरंजीवर बसली. मग एक वाचायची आणि दुसरी वहीत शोधायची. साडू, मेहुणे, चुलते, जिवलग मित्र. चिठ्ठीवरची माणसं वहीत सापडली ती मोजून नऊ. पण वहीतली माणसं एकामागून एक चिठ्ठ्यांच्या पाठीवर सापडत गेली. शेजारच्या दारची, खालच्या मजल्यावरची, चुकीच्या नंबरची, पत्ता विचारला म्हणून भेटलेली. वहीतली निम्म्याहून जास्त नावं तिथेच होती. टायचे नऊ बरोबर होते. त्याने फक्त कागदाची एकच बाजू पाहिली होती.

"म्हणजे त्यांना कळलंच नाही की चिठ्ठ्या खोट्या आहेत," आई म्हणाली. "ते बिचारे खऱ्याच समजून जात राहिले."

लेकही तेच म्हणणार होती, आणि तेच तिला नको होतं. निम्मी वही आंधळ्याच्या गाईसारखी देवाने राखली असेल, तरी बाबा फसले ते फसलेच. ती डब्याच्या तळाशी गेली. पहिल्या वर्षाच्या चिठ्ठ्या पिवळ्या पडल्या होत्या. त्यांतल्या एकीच्या मागे जागा अपुरी पडली म्हणून बाबांनी आडवं लिहिलं होतं.

*सलग सहावी खोटी. आज छापखानेवाल्यांना विचारणार होतो. विचारलं नाही. चिठ्ठी नसली की उभं राहावं लागतं बिचाऱ्यांना, पाय सुजतात. एक मात्र लक्षात आलं. खऱ्या पत्त्यावर आपल्या आधी चार एजंट जाऊन आलेले असतात. खोट्या पत्त्यावर कुणीच गेलेलं नसतं.*

तिने ते दोनदा वाचलं. मग आईच्या हातात दिलं. आईने वाचलं, चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

"हट्टी," आई म्हणाली. "मी म्हटलं नव्हतं?"

मंगळवारी हॉल भरगच्च होता. वार्षिक बक्षिसं होती. टाय दाराजवळच्या पाहुण्यांच्या खुर्चीवर बसला होता, गळ्यातला टाय लाल. लेक खिडकीजवळ.

"या वर्षीचा पूर्ण हजेरीचा करंडक," अध्यक्षांनी माइकवर फुंकर मारून जाहीर केलं, "एकही मंगळवार न चुकवल्याबद्दल, विमाकाका!"

टाळ्या पडल्या. चांगल्या पडल्या. अध्यक्ष रंगात आले. "काय वाटेल ते होवो, पण सभा चुकवायची नाही! आपल्यातले काही जण सर्दी झाली म्हणून येत नाहीत. त्यांनी काकांकडे बघावं!" एवढं बोलल्यावर बघायचं कुठे, हे त्यांच्या लक्षात आलं. ते तसेच हात वर करून उभे राहिले. टाळ्या एक-एक करत विझल्या. कुणीतरी खोकलं. डॉक्टरांनी, माणुसकी म्हणून, घंटा वाजवली.

लेक पुढे गेली आणि करंडक घेतला. हलका होता, प्लास्टिकचा, वर सोनेरी मुलामा. बाबांना फार आवडला असता.

मग खुर्चीचा विषय निघाला. आधी टायला मिनिट मिळालं. तो आपल्या विषयात तयार होता. चाळीस सेकंदांत हॉलमधल्या सगळ्यांच्या हृदयरोगाची, अपघाताची आणि अकाली मरणाची टक्केवारी त्याने मांडली, आणि मीही तुमच्यातलाच म्हणून हसून खाली बसला. तीस माणसं आपापली नाडी चाचपत असल्यासारखी दिसू लागली.

"ताई, तुमचं मिनिट."

ती उठली. काय बोलायचं ते जिन्यापर्यंत पाठ होतं. आता त्यातलं काही आठवेना.

"मी विमा," ती म्हणाली. "ही खुर्ची मी घेते. माझ्या नावाने, बदली म्हणून नाही. नियमाप्रमाणे मला कसलं गिऱ्हाईक हवं ते सांगायचं असतं." ती थांबली. "बाबांना जशा चिठ्ठ्या देत होतात, तशाच मला द्या. अगदी तशाच. सुधारू नका."

हळूहळू तीस चेहऱ्यांवर एकच गोष्ट उमटली. आजवर प्रत्येकाला वाटत होतं की वर्तुळात खोटी चिठ्ठी लिहिणारे आपण एकटेच. पडदेवाले टेबलक्लॉथवरचा डाग नखाने खरवडू लागले. छापखानेवाल्यांनी मान खाली घातली. डॉक्टर घंटेकडे पाहत राहिले, आणि मिनिट केव्हाच उलटून गेलं तरी ती वाजली नाही.

"हे कसलं सेल्स पिच आहे?" टायने शेजाऱ्याला कुजबुजत विचारलं.

हात वर झाले. अठ्ठावीस तिच्या बाजूने. मरणाची टक्केवारी ऐकून आधीच धास्तावलेल्यांना टाय दर मंगळवारी समोर नको होता, हेही त्यात असेल. पण अठ्ठावीस.

जिन्यात छापखानेवाल्यांनी तिला गाठलं. धापा टाकत होते. त्यांनी सभेत दिलेली चिठ्ठी तिच्या हातात होती.

"ताई, ती... ती राहू द्या. परत द्या मला. पुढच्या वेळी चांगली आणतो."

तिने चिठ्ठी वाचली. "तुमचे साडू आहेत ना?"

छापखानेवाले कठड्याला धरून उभे राहिले. पाय खरंच सुजलेले होते, सँडलचे पट्टे रुतले होते. "मला साडू नाहीत, ताई," ते म्हणाले. "कधीच नव्हते. काकांना... काकांना कळलं होतं का हो?"

तिने चिठ्ठी परत दिली नाही.

"ते म्हणायचे, तुमच्या साडूंसारखा माणूस नाही," ती म्हणाली. "दर वेळी वेगळा असतो."

छापखानेवाल्यांना हसू आलं आणि लगेच त्यांनी खिशातला रुमाल शोधला. ती जिना उतरली. करंडक डिकीत नीट बसेना, तेव्हा पायाशी उभा केला आणि स्कूटर सुरू केली.

चिठ्ठीवरच्या पत्त्यात सोळा नंबरचं घर होतं. गल्ली चौदावरच संपत होती, पुढे भिंत. भिंतीपाशी तिने स्कूटर लावली. गेल्या वेळी अशाच चुकीच्या दारावरून ती "सॉरी" म्हणून परतली होती. आता तिने चौदा नंबरकडे पाहिलं. दारात दोन सायकली, एक लहान, एक त्याहून लहान. ओट्यावर वाळत घातलेले कामावरचे निळे हातमोजे.

तिने बेल दाबली. बराच वेळ कुणी आलं नाही. परत जावं, असं मनात आलंही. तेवढ्यात कडी सरकली आणि हाताला साबण लागलेल्या एका माणसाने दार उघडलं.

"कोण हवंय?"

तिने चिठ्ठी घडी करून मुठीत धरली. तिची मान किंचित तिरकी झाली. तिच्या ते ध्यानात आलं नाही.

"चुकून आले," ती म्हणाली, "पण आलेच आहे, तर घोटभर पाणी मिळेल का?"